पोपटी साडीतली मी

हसायचं असेल तर माझ्या तोंडावर हसा, पाठीमागे हसू नका. पाठीवरून माझं आधीच पुष्कळ हसं झालंय, आणि तेच सांगायला बसलेय.

मी रंजना. शाळा चौथीपर्यंत, वय पन्नाशीच्या पुढे, राहायला दिंडोशी. पंचवीस वर्षं गोरेगावच्या स्टुडिओंत काम केलं. हिरॉईनचं नाही हो! हिरॉईनच्या लग्नात मागे अक्षता टाकणारी एक बाई असते ना? ती मी. कोर्टात निकाल ऐकून 'हॉ!' करणारी? ती पण मी. सिरियलींत तर इतक्या मयतींना जाऊन रडलेय, की आता खरोखर कोणी गेलं तरी आधी बघते, कॅमेरा कुठल्या बाजूला आहे.

आम्हाला ज्युनियर आर्टिस्ट म्हणतात. केस पांढरे झाले तरी ज्युनियरच!

मग गुडघे गेले आणि काम सुटलं. घरी बसून मी सगळ्यांच्या डोक्यावर बसायला लागले, तेव्हा सुनेने, दीपालीने, मला व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपात ढकललं. नाव 'पडदा आणि पिच'. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंतचे सिनेमावेडे, सिरियलवेडे, क्रिकेटवेडे. रोज संध्याकाळी सातला प्रश्न. ॲडमिन मुलुंडचे परांजपेकाका. रिटायर्ड माणूस, पण शिस्त अशी की उत्तराला उशीर झाला तर अंगठे धरून उभं करतील.

पहिल्याच आठवड्यात मी दिवे लावले. काकांनी विचारलं, "शेवटच्या बॉलवर सिक्स मारून आपण जिंकलो, ती मॅच मैदानात बसून कोणी बघितलीय?"

मला टाइप करायला वेळ लागतो, म्हणून मी बोलूनच पाठवलं. "मी! तोंडावर तिरंगा रंगवून बसले होते!"

"वा वा ताई! कसा होता हो तो सिक्स?"

"पहिले आठ चुकले. नववा बरोबर गेला. मग जेवणाची सुट्टी झाली."

ग्रुप गार! मग बोरिवलीची नेहा नावाची एक पोरगी म्हणते, "ताई, तुम्ही शूटिंगचं सांगताय. काका खरी मॅच विचारतायत."

मग आधी सांगायचं ना! शूटिंगला ऊन काय खोटं लागतं?

पण एवढं होऊनही मी ग्रुप सोडला नाही. का? मला एक फोटो पाहिजे होता.

शालन नावाची माझी मैत्रीण. मूळची कुडाळकडची, इथे आमच्याच गल्लीत राहायची. वीस वर्षं गर्दीत आम्ही जोडीने उभ्या राहिलो. ती पुढे, मी मागे. कारण माझं तोंड कायम भांडायला निघाल्यासारखं दिसतं, आणि आनंदाच्या सीनला असं तोंड पुढे चालत नाही. डबा एक, रिक्षा एक, गुडघ्याला चोळायची बाटलीसुद्धा एकच. पण दोघींचा मिळून फोटो? एक नाही. सेटवर फोन बाहेर काढला की दुसऱ्या दिवशीपासून घरी बसा, असा नियम होता. आणि घरी आल्यावर कोणाला सुचतंय फोटो काढायचं? ती काय कुठे पळून जाणार होती?

गेली मात्र.

सहा वर्षांपूर्वी एका सिनेमात तिला वाक्य मिळालं. "साहेब आत आहेत." वीस वर्षांत पहिल्यांदा वाक्य! सकाळपासून पाठ करत होती बिचारी. जेवताना मला म्हणून दाखवलं, हात धुताना म्हणून दाखवलं, साडीची पिन लावताना म्हणून दाखवलं. ॲक्शन झालं आणि तिचा श्वास अडकला. एकच श्वास. आणि मागून मी बोलून टाकलं, "साहेब आत आहेत!"

डायरेक्टर म्हणाला, "हिलाच घ्या."

मी नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. म्हणजे, 'नाही' म्हटलंच नाही!

संध्याकाळी ती वेगळ्या रिक्षाने गेली. महिन्याभरात गावी भावाकडे निघून गेली. आणि गंमत बघा, ते वाक्य पुढे सिनेमातून कापलं. म्हणजे मैत्रीण पण गेली आणि साहेब पण गेले.

तिचा नंबर होता माझ्याकडे, सहा वर्षं होता. पण फोन करून बोलायचं काय? मला भांडता येतं. दुसरं काही मला कोणी शिकवलंच नाही.

तर, ग्रुपात दर बुधवारी 'फ्रेम ओळखा' असायचं. काका सिनेमातलं एक चित्र थांबवून टाकायचे आणि हिरो-हिरॉईनच्या तोंडावर काळं फासायचे. उरलेल्या चित्रावरून सिनेमा ओळखायचा. मला तर हा खेळ फार आवडला! जन्मात पहिल्यांदा लोक हिरोला सोडून मागच्या गर्दीकडे बघत होते. मी दर बुधवारी चष्मा पुसून बसायची. कुठेतरी एका कोपऱ्यात आम्ही दोघी मिळू. मिळालो की तोच फोटो शालनला पाठवायचा. बोलायला निमित्त झालं.

आणि एका बुधवारी मिळाला की हो!

लग्नाचा मांडव. डाव्या कोपऱ्यात दोन बायका. एक पोपटी साडीत, पाठमोरी. दुसरी जांभळ्या साडीत, अर्धं तोंड खांद्याआड लपलेलं. पोपटी साडी बघितली आणि मी किंचाळले. ती साडी मला पक्की आठवत होती. सकाळी ड्रेसदादाने दिली तेव्हा अंगाला टोचते म्हणून मी त्याच्याशी भांडले होते. म्हणजे पोपटीत मी, जांभळीत शालन!

"काका, ती मी! ती पोपटी मी!"

ग्रुपात फटाके फुटले. टाळ्या, फुलं, हार. फक्त नेहाने लिहिलं, "ताई, पण चेहरा तर दिसत नाहीये. कशावरून तुम्ही?"

"ए बये, ती मान बघ! तो खांदा बघ, डावा जरा खाली आहे तो! डोळे मिटून ओळखेन मी ही पाठ. तू मला शिकवणार?"

मी जिंकले.

मग काय विचारता! दीपालीने फोटो मोठा करून आणला, चौकट केली, हॉलमध्ये देवाच्या शेजारी लावला. सोसायटीच्या बायका बघायला आल्या. "काय बाई पाठ होती तुमची, सरळ!" मंडळाने गणपतीत बॅनरवर तोच फोटो छापला आणि मला शाल-श्रीफळ दिलं. पाठमोऱ्या बाईचा सत्कार कुठे बघितलाय? आमच्याकडे झाला. माझं भाषणही झालं. म्हटलं, "कलाकाराने पडद्यावर तोंड दाखवलंच पाहिजे असं नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिंमत करून शालनला फोटो पाठवला. खाली लिहिलं, 'आपण दोघी. पोपटीत मी, किती छान दिसतेय बघ. जांभळीत तू. जरा सुटलेली वाटतेस, पण असू दे.'

पाच मिनिटांत फोन वाजला. सहा वर्षांनी तिचं नाव फोनवर बघितलं आणि गडबडीत पहिल्यांदा कटच केला. परत वाजला.

"रंजना? अगो, ह्यां काय पाठवलंस?"

"आपला फोटो गं!"

"आपलो? तू खंय आसस ह्येच्यात?"

"पोपटीत! डोळे गेले काय तुझे?"

"पोपटीत मी आसंय गो!"

"काहीतरी बोलू नकोस. साडी माझी आहे."

"साडी तुझी. पाठ माजी! तुका त्या दिवशी जेवणानंतर भायर काढल्यानी. कॅमेऱ्यात बघितलंस. तीन वेळा बघितलंस! तुझी साडी काढून ड्रेसदादान माका नेसवल्यान. सकाळच्या शॉटात पोपटी होती, मगे दुपारी पण पोपटी व्हयी ना!"

बोलणं खरं होतं तिचं. कारण आमच्या धंद्याचा पहिला नियमच तो. आतली बाई बदलली तरी चालते, साडी बदलता कामा नये. पंचवीस वर्षं त्या नियमाने जगले आणि नेमकी त्यालाच फसले! आणि ती हकालपट्टी? ती मी विसरले कशी? मला वाटतं, मुद्दामच विसरले.

"मग ती जांभळी कोण?"

"माका काय ठावक? कोणतरी नवीन होती. पण तू तिका जाडी म्हटलंस. तिची माफी माग आधी."

मी हसले. ती नाही हसली. तिकडे मागे कोंबडा ओरडत होता.

मग म्हणाली, "रंजना, वीस वर्सां माज्या मागे उभी ऱ्हवलंस, आणि माजी पाठ तुका तुझी वाटली?"

स्वतःची पाठ मी कधी बघितलीय? मला एकच पाठ तोंडपाठ होती, आणि ती तिची होती. हे मी बोलले नाही. मला असलं बोलता येत नाही. मी म्हटलं, "हॅलो, हॅलो, आवाज येत नाही."

"येताहा सगळो. वाक्य घेतलंस, आता पाठ पण घेतलंस. सत्कार पण घेतलंस आसशील."

सत्काराचं तिला कोणी सांगितलं, देव जाणे.

मी डोळे मिटले आणि म्हटलं, "शालन, चुकलं माझं."

"काय? आयकाक नाय इला. वन मोर."

"चुकलं माझं."

"भाव नाय इलो. वन मोर."

"चुकलं गं माझं, भवाने! सहा वर्षं चुकतंय!"

मग नाक ओढल्याचा आवाज. मग डायरेक्टरच्या थाटात बाईसाहेब म्हणाल्या, "ओके. ह्यो ठेवूया."

आता रोज दुपारी आमचा फोन असतो. पण मुंबईला ये म्हटलं की ती म्हणते, बघू. तिचे गुडघे माझ्यापेक्षा वाईट. मला एसटीचा प्रवास झेपत नाही. दोघींचा एक फोटो अजून नाहीच. मी दर बुधवारी चष्मा पुसून बसते.

ग्रुपावर मी खरं सांगून टाकलं. काकांनी पोपटीचे गुण कापले. नेहाने फक्त एक हात जोडलेलं चित्र टाकलं. पोरगी चांगली आहे.

भिंतीवरचा फोटो मात्र मी काढू दिला नाही. दीपाली म्हणाली, "आई, तुम्ही नाहीच आहात त्यात!" म्हटलं, "म्हणूनच बघता येतो." आलेला पाहुणा हमखास विचारतो, "मग यात तुम्ही कुठे?" मी चौकटीच्या उजवीकडे, कोऱ्या भिंतीवर, हातभर अंतरावर बोट ठेवते.

"इथे. मेकअपच्या गाडीमागे, परकर-ब्लाउजवर, सगळ्या युनिटला शिव्या घालत बसलेली."