येतो म्हणून गेलेला चोर

ती केस अजून मनातून गेलेली नाही. खरं सांगायचं तर मीच ती जाऊ दिलेली नाही.

शाळेत असताना वाचनालयातल्या रहस्यकथा मी भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचायचो. त्यांतला साहेबी थाटाचा चोर मला फार आवडायचा. कडक इस्त्रीचे कपडे, अत्तराचा वास, बोलणं गोड. घरमालकाशी गप्पा मारता मारता तिजोरी साफ करायचा आणि जाताना आभारही मानायचा. पोलिसात भरती झालो तेव्हा असा एखादा आपल्याला भेटावा, अशी फार इच्छा होती. भेटले ते शेळ्या पळवणारे, विहिरीवरच्या मोटारीची केबल कापणारे आणि दारू पिऊन ठाण्याच्या दारातच झोपणारे.

निवृत्ती जवळ आली असताना सेनगाव भागातून एकसारख्या तक्रारी येऊ लागल्या. पांढराशुभ्र शर्ट घातलेला, अत्तर लावलेला तरुण भरदुपारी घरी येतो, 'तुमच्या मुलाचा पुण्यातला मित्र' म्हणून सांगतो, चहा घेतो, पाया पडतो आणि निघून जातो. मागून कळतं, एक दागिना गायब. एकच, बाकीच्याला हात नाही. ठाण्यातले तरुण शिपाई मोबाइलवर असल्याच चोराची मालिका बघत. "साहेब, हा तर बराबर त्याच्यासारखंच करून राहिला," असं कौतुकानं सांगत. मी दटावायचो, पण आतून मीही हरखलो होतो.

शेवटची तक्रार एका म्हातारीच्या घरची. तीही तिनं आपणहून केली नव्हती. पुण्यातल्या मुलानं फोनवरून करायला लावली. तिच्या लग्नातली बोरमाळ गेली होती. जबाब घ्यायला मी स्वतः गेलो.

"मावशी, दिसायला कसा होता?"

"ध्यानात न्हाई."

"तासभर समोर बसला होता ना?"

"तासभर काहून? दुपारभर होता. तुरीच्या शेंगा सोलू लागला मला. समदं इचारलं त्यानं. गुडघ्याचं बी." मग ती म्हणाली, "जाताना येतो म्हणला."

जबाब लिहिणारा जमादार हसला. "मावशी, निघताना जातो कोण म्हणतं का? समदेच येतो म्हणतात."

तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. बोरमाळेपेक्षा तिला त्या माणसाची ओढ लागली होती, हे मला दिसत होतं. तपासात त्याचा उपयोग काय, ते मात्र कळत नव्हतं. तिथून निघेपर्यंत 'येतो म्हणला' हे तिनं आणखी दोनदा म्हटलं.

काही दिवसांनी एका जीपवाल्या खबऱ्याचा फोन आला. "साहेब, तुमचा अत्तरवाला आत्ता माझ्या जीपमधून उतरला. त्याच म्हातारीच्या गावात!"

माझा विश्वास बसेना. लुटलेल्या घरी गोष्टीतला चोरसुद्धा पुन्हा फिरकत नाही. साध्या वेशात आम्ही पोचलो, तर हा ओसरीवर जेवायला बसलेला आणि म्हातारी त्याला भाकरी वाढत होती. बोरमाळ तिच्या गळ्यात होती.

"दमा जरा!" ती आमच्यावरच ओरडली. "जेवू द्या लेकराला. मंग काय करायचं ते करा."

आम्ही दारात थांबलो. त्यानं मान खाली घालून भाकरी संपवली, ताट मोरीत नेऊन ठेवलं आणि हात पुढे केले. पंचांसमोर बोरमाळ जप्त करावी लागली. ती गळ्यातून काढून देताना म्हातारीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू चोर मीच होतो.

चौकशीत सुरुवातीला तो थेट माझ्या पुस्तकातून उठून आल्यासारखा बोलला. खुर्चीत ताठ बसून, शुद्ध भाषेत. "ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडूनच घेतो, सर. मारहाण नाही, कुलूप तोडणं नाही." ऐकायला गोड वाटत होतं. मग मी इकडच्या बोलीत विचारलं, "मंग परत काहून आलास रे?"

त्याची ताठ मान खाली गेली. बोलला तेव्हा ती शुद्ध भाषा कुठल्या कुठे गेली होती.

"येतो म्हणलो होतो ना, सायेब. बाकी समद्या घरी 'निघतो, सर' म्हणायचो, मालिकेत म्हणतात तसं. इथं तोंडातून 'येतो' निघून गेलं. मायला म्हणायचो तसं. ती गेली तवा मी घरी न्हवतो. मंग हिच्याकडं तरी जावं वाटलं."

बाकीचे दागिने त्यानं स्वतः दाखवून काढून दिले. त्याला शिक्षा झाली आणि ती योग्यच होती. कोर्टाच्या हुकमानं बोरमाळ परत मिळाली तेव्हा ती मीच म्हातारीला नेऊन दिली. ती तिनं बाजूला ठेवली आणि विचारलं, "त्याला कवा सोडणार?"

जबाब घेताना माणूस विचारल्यावर काय सांगतो, यापेक्षा न विचारता पुन्हा पुन्हा काय सांगतो, तिकडे कान द्यावा, हे मी त्या केसमध्ये शिकलो. शिकलो तेव्हा नोकरी संपत आली होती. आयुष्यभर ज्या साहेबी चोराची वाट पाहिली, तो भेटला. पण आज आठवतो तो त्याचा शर्ट नाही, खाली घातलेली मान आठवते.

आता माझीही मुलं लांब आहेत. दिवाळीला येतो म्हणतात आणि फोन ठेवतात. घर फार शांत वाटलं की मी त्या गावाकडे चक्कर मारतो. म्हातारी चहा करते, त्याची चौकशी करते.

मागच्या खेपेला उठताना मी सवयीनं म्हणालो, "येतो, मावशी."

"समदेच म्हणतात, बाबा," ती शेंगा सोलता सोलता म्हणाली. "आला तो एक चोरच."