उगवत कुठल्या अंगाला

गुलबर्ग्याच्या कॉलेजात माझा एम.टेक.चा प्रकल्प होता: अवकाशयान हाताने वळवताना माणूस कुठे चुकतो. यंत्र म्हणजे एक खुर्ची, एक दांडा आणि समोर पडदा. पडद्यावरची पृथ्वी मधोमध आणायची, एवढंच काम. पण दांडा उजवीकडे केला, यान उजवीकडे वळलं, की पृथ्वी डावीकडे सरकते, आणि वळू लागलेलं यान उलटा धक्का दिल्याशिवाय थांबत नाही. मीच बांधलेलं यंत्र मलाच चकवायचं. अहवालात मी गोलगोल लिहून वेळ मारून नेली होती, पण तोंडी परीक्षेत सरळ सांगावं लागणार होतं: चूक माणसाची की पडद्याची?

खुर्चीत बसायला माणसं कमी पडली तेव्हा आमच्या चिंताकी गावाहून अप्पांना बोलावलं. तीस वर्षं ट्रॅक्टर चालवलेला बाप, माझी मान उंच करील असं वाटलं. बसण्याआधी ते म्हणाले, "उगवत कुठल्या अंगाला हाय?" आमच्या घरी मिठाची वाटीसुद्धा 'मावळतीकडं सरकव' म्हणून मागतात. मी उजवीकडची खिडकी दाखवली.

मग सगळा घोळ. पृथ्वी खिडकीच्या बाजूला गेली की अप्पा तिला मावळतीकडे आणायला दांडा डावीकडे ओढायचे, आणि ती आणखीच उगवतीला पळायची.

"उजवीकडं, अप्पा."

त्यांनी आधी स्वतःच्या हातांकडे बघितलं. "आपण फिरायलोय का ती फिरायलीय?"

"आपण."

"मग खिडकी कामून फिरंना?"

त्या प्रश्नाने मी चिडले. ते तोंड धुवायला गेले तेवढ्यात त्यांच्या नोंदीच्या कागदावर, 'कारण' या रकान्यात, मी 'चालकाची चूक' लिहून टाकलं.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक हौसेने खुर्चीत बसले आणि त्यांनीही पृथ्वी पार पडद्याबाहेर घालवली. हुबेहूब अप्पांसारखी. दांडा सोडून ते माझ्याकडे बघायला लागले.

"पडद्याचा दोष आहे, सर," मी पटकन म्हणाले. "पृथ्वी स्थिर ठेवून यान सरकताना दाखवायला हवं."

सर खूश झाले. मी पास झाले.

संध्याकाळी अप्पांचा फोन आला. "माझ्यामुळं तुझं काम बिघडलं न्हाई ना, बाई?"

"न्हाई," म्हटलं. लाजेने फोन ठेवून दिला. अहवाल बांधून कधीच जमा झाला होता, अप्पांच्या कागदासकट. परीक्षकांचा कागद मी भरलाच नव्हता.