आबांची मळकी विमानं

आबांच्या बैठकीच्या खोलीत शिरायचं तर आधी दोन्ही हात दाखवावे लागत. पाहुणा केळीचा व्यापारी असो, सोसायटीचा चेअरमन असो की घरात नव्याने आलेला जावई असो, आबा दारात उभे राहून म्हणायचे, "हात बघू." आधी तळहात, मग उलटे करून नखं. केळीच्या चिकाचा डाग दिसला की त्या माणसाची खुर्ची बाहेर ओट्यावर. "चीक एकदा लागला की जात नाही. मी त्यातच जन्म काढलाय, मला सांगू नका," हे वर ऐकावं लागायचं.

सई, ईशान, हे आबा म्हणजे तुमच्या आजोबांचे थोरले भाऊ, माझे मोठे दीर. तुम्ही त्यांना पाहिलंत तेव्हा फार लहान होतात. ईशान, तुला तर त्यांनी दोनदा हात धुऊन यायला लावलं होतं आणि तू रडला होतास. म्हणून त्यांच्याविषयी नीट लिहून ठेवते आहे.

आमचं मूळ गाव पारोळ्याजवळचं. आबा तरुणपणी जळगावला आले आणि एका केळीच्या व्यापाऱ्याकडे कामाला लागले. माल ट्रकने दिल्लीला जायचा आणि आबा ड्रायव्हरशेजारी बसून जायचे. एका हिवाळ्यात ते दिल्लीत स्वेटर घ्यायला बाजारात गेले आणि फुटपाथवरून एक चित्र घेऊन आले. बर्फाच्या डोंगरांवरून पहाटेच्या उजेडात जाणारी दोन लढाऊ विमानं. परतीच्या वाटेवर थंडीने त्यांना ताप भरला. सासूबाई मला ही गोष्ट सांगताना अजून चिडायच्या. आबा मात्र म्हणायचे, "स्वेटर दोन वर्षांत विरला असता. चित्र बघा, अजून गार आहे."

पुढे त्यांचा स्वतःचा व्यापार झाला, दिल्लीच्या खेपा वाढल्या आणि प्रत्येक खेपेला एखादं चित्र किंवा सुटे भाग जोडून करायच्या छोट्या विमानाचा खोका घरी येऊ लागला. हंटर, नॅट, कॅनबेरा, मिग, मिराज. ज्या भिंतीवर इतरांकडे हार घातलेले पूर्वज असतात त्या भिंतीवर आबांकडे जेट विमानं होती. फ्रेमवाला सवयीने सोनेरी वेलबुट्टीची चौकट लावून द्यायचा आणि आबा ती परत करायचे. "ह्यांना काळी साधी चौकट. ही आरती करायची विमानं नाहीत," असं त्याला दरवेळी बजावावं लागे.

खोक्यांतल्या सूचना इंग्रजीत असत. मी धुळ्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत होते, म्हणून आबा मला मॅडम म्हणायचे, आधी थट्टेने आणि नंतर सवयीने. मी स्वयंपाकात असताना जळगावहून फोन यायचा.

"मॅडम, इथं एका पात्यापुढे 'ऑप्शनल' लिहिलंय. म्हणजे लावू की नको?"

"तुमच्या इच्छेवर आहे, आबा."

"लढाऊ विमानात कुणाची इच्छा चालते काय? नीट वाचून सांगा."

विमान जोडून रंगवून झालं की बाकीचे लोक ते कपाटात ठेवतात. आबांचं खरं काम तिथून सुरू व्हायचं. ते विमान मळवायला घेत. शेपटीशी धुराची काजळी, पंखाखाली तेलाचे ओघळ, चाकांना धावपट्टीची धूळ. "नवंकोरं विमान दुकानातलं. उडालेलं विमान मळकं असतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. धुराचा रंग त्यांना कुठल्याच डबीत पसंत पडला नव्हता. हिवाळ्यात शेतावर भरताची पार्टी झाली, की पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजून सगळे जेवायला बसत आणि आबा निवलेल्या राखेपाशी चाळणी घेऊन बसत. कपाशीच्या काड्यांची ती बारीक राख बोटाच्या टोकाने विमानाच्या शेपटीला लावली की ते आत्ताच उतरलंय असं वाटायचं. मी कितीतरी प्रदर्शनं पाहिली, पण राखेतून असा वेग काढणारा माणूस दुसरा पाहिला नाही.

खरं लढाऊ विमान आबांनी कधी हात लावून पाहिलं नव्हतं. सगळं चित्रांवरून आणि पुस्तकांतल्या फोटोंवरून. हीच त्यांची एक बोच होती. "लोक छान म्हणतात, मॅडम. पण लोकांना काय ठाऊक? ज्यानं ते चालवलं त्यानं एकदा बघून सांगावं, की हो, असंच होतं." आणि तशी संधी चालून आली. तुमच्या बाबांच्या एका मित्राचे काका मिग-२१ चे वैमानिक होते आणि निवृत्त होऊन नाशिकला राहात होते. बाबांनी त्यांना आबांच्या मिगचे फोटो पाठवले. साहेबांनी कळवलं, श्रावणात जळगावकडे येणं आहे, बुधवारी घरी येतो.

आबांनी तो मिग पुन्हा बाहेर काढला. हातभर लांबीचं ते मॉडेल करायला त्यांना वर्षाहून जास्त काळ लागला होता, कारण तोवर हात कापायला लागला होता. एक आकडा चिकटवायचा तर श्वास रोखून, मनगट उशीवर टेकवून. ते आकडे म्हणजे पाण्यात भिजवून उतरवायची पातळ चित्रं. हवाई दलाच्या ज्या तुकडीचं ते विमान होतं, तिचे आकडे तुमच्या बाबांनी परदेशातून मिळवले होते आणि पुढे ते निघायचेच बंद झाले होते.

त्या बुधवारच्या आधीचा रविवार कानबाईचा होता. तुम्ही कानबाई पाहिलेली नाही. श्रावणात आपल्या खानदेशात नारळाला नथ आणि दागिने घालून देवी बसवतात, सगळी भावकी एका घरी जमते, आणि त्याआधी घरातली एकूण एक वस्तू घासूनपुसून निघते. वहिनी, म्हणजे आबांची बायको, गेल्यापासून आबांकडच्या कानबाईचा सगळा भार अक्का उचलत. अक्का म्हणजे आबांची मोठी बहीण. पारोळ्याहून चार दिवस आधी यायच्या आणि घर डोक्यावर घ्यायच्या. हात न दाखवता बैठकीत जाणाऱ्या त्या एकट्याच.

शनिवारी दुपारी आम्ही धुळ्याहून पोचलो तेव्हा अंगणात बाजेवर जुनं लुगडं अंथरलेलं होतं, आणि त्यावर कुरडया वाळत घालाव्यात तशी आबांची विमानं उन्हात ओळीने मांडलेली होती. चकचकीत. शेजारी घमेलं, सोड्याचं पाणी आणि नारळाची शेंडी. मी मिग उचलला. शेपटीची काजळी गेली होती, तेलाचे ओघळ गेले होते, नाकापुढची लांब सुई मोडली होती आणि आकड्यांच्या जागी नुसता राखाडी रंग होता.

तेवढ्यात आबा बाजारातून आले. अक्का पदराला हात पुसत पुढे झाल्या.

"भाऊ, देख! बठ्ठा इमानं कितला मळी जायेल व्हतात. घरमा देवी येवानी आनि हाऊ काया धूर? मी घासीसन लखलखीत करी टाकात!"

आबांनी हातातली पिशवी खाली ठेवली. बाजेवरून एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मग मोठ्याने हसले. इतके, की शेजारीण ओट्यावर आली.

"अक्का, आते ह्या बठ्ठा वरातले जावाले तयार शेतस!"

"मंग! तुले सांगी सांगी दमनू, घर साफ ठेवत जाय," असं म्हणून अक्का समाधानाने पुरणाकडे वळल्या.

मी आबांच्या मागे मोरीपर्यंत गेले. आबा उकिडवे बसले होते आणि जाळीत अडकलेले आकडे चिमट्याने काढत होते. हातात येताच ते चुरगळत होते.

"आबा, साहेबांना कळवू या का? पुढच्या महिन्यात या म्हणून?"

"त्यांना परत सवड कधी व्हायची. येऊ द्या."

"मग जे झालं ते त्यांना सांगू. समजून घेतील."

"नाही." ते प्रथमच माझ्याशी जरबेने बोलले. "अक्काच्या कानावर एक शब्द जायचा नाही. जन्मभर कानबाईसाठी घर घासत आली ती. पुढच्या वर्षी फडकं हातात घेताना तिचा हात थबकला, तर मला ते बघवणार नाही. विमानं प्लास्टिकची आहेत, मॅडम."

बुधवारी साहेब आले. उंच, हळू बोलणारे. आबांनी त्यांना हात दाखवायला सांगितलं नाही. पण साहेबांनी आपणहून दारात दोन्ही हात पुढे केले, बाबांनी ती गोष्ट त्यांना सांगितली असावी. सगळे हसले. अक्कांनी खापरावरची पुरणपोळी आणून ठेवली आणि कपाटाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "साहेब, ह्या मी धोयात बरं!"

"आमच्या धावपट्टीची सगळी देखभाल अक्काकडे असते," आबा चटकन म्हणाले.

साहेबांनी मिग हातात घेतला. उलटापालटा केला. 

"आकडे नाहीत यावर. फोटोत होते असं वाटतं."

"ते बाकी आहेत. सुई बाकी आहे. धूरही बाकी आहे." आबा खाली बघत म्हणाले. "आळस झाला माझा."

ज्या माणसाने उभ्या आयुष्यात एक पातं अर्धवट ठेवलं नव्हतं तो, ज्याच्या तोंडून एक वाक्य ऐकायला थांबला होता त्याच्यासमोर, स्वतःला आळशी म्हणवून घेत होता. अक्का शेजारी उभ्या राहून कौतुकाने पाहात होत्या.

 साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि वैमानिकाच्या जागेवरची काच डोळ्यांजवळ नेली. ती काच आबांनी कायमची चिकटवलेली होती, तिच्या आत सोड्याचं पाणी गेलं नव्हतं. आतलं सगळं जसंच्या तसं होतं, निळसर हिरवा रंग, घड्याळांच्या तबकड्या, झिजलेल्या कडेची खुर्ची. साहेब बराच वेळ बघत राहिले.

"ही पांढरी रेघ तुम्ही काढलीत?"

"समोरच्या फळीवर मधोमध असते ना? फोटोत दिसली म्हणून काढली. कशासाठी असते ते मात्र ठाऊक नाही."

"विमान गिरक्या खात खाली येऊ लागलं की डोकं चालत नाही. तेव्हा काही विचार न करता हातातला दांडा पुढे ढकलून या रेघेशी आणायचा. एवढंच लक्षात ठेवायचं." साहेबांनी काचेवरून बोटाने ती रेघ दाखवली. "मी एकदा आणलाय. म्हणून आज तुमच्याकडे पुरणपोळी खातोय." मग त्यांनी मिग दोन्ही हातांनी आबांकडे दिला. "असंच होतं, आबा. अगदी असंच."

 आबांनी मान हलवली आणि साहेबांच्या पानात आणखी तूप वाढायला अक्कांना खूण केली.

त्यानंतर मी आणि तुमच्या बाबांनी आकडे शोधायची खटपट केली, तर आबांनीच नको म्हटलं. आकडे परत लावले तर अक्का विचारेल, आधीचे कुठे गेले. मिग तसाच स्वच्छ राहिला. दर श्रावणात अक्का येऊन फडकं मारून जायच्या आणि आबा शेजारी बसून गप्पा मारायचे. गेल्या हिवाळ्यात आबा गेले. झोपेतच, कुणाला त्रास न देता.

दिवसकार्य आटोपल्यावर मी आणि अक्का बैठकीत विमानं खोक्यांत भरत होतो. ती आता माझ्याकडे धुळ्याला आहेत. अक्कांनी मिग हातात घेतला आणि त्याच्या उघड्या पंखावरून बोट फिरवलं.

"आठे लिखेल व्हतं काहीतरी. मी पुसी टाकं."

मी चमकून पाहिलं. "अक्का, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोन सांगी? त्याच दिन समजनं मले." त्यांनी मिग कापसात ठेवला आणि वरून आणखी कापूस दाबला. "लहानपने मनाकडतीन त्याना पतंग फाटना व्हता. तवय बी तो असाच हासना व्हता, शेजारनी बाई बाहेर ये इतला."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"त्यानी इतला जीव लायीसन झाकं, बाई. मी कसाले उघडू?"