खालाचा भाचजावई

ह्यांची नोकरी गेली त्या दिवशी आमचे डॉक्टरही गेले. कंपनीच्या विम्यावरच ते ह्यांना तपासत. कंपनीच्या कारकुनाने विम्याचं कार्ड परत घेतलं आणि म्हणाला, "खलास."

साठच्या दशकातली गोष्ट. आम्ही दुबईत, खाडीकाठच्या देरा भागात राहत होतो. लहानपणच्या तापाने ह्यांच्या हृदयाची झडप बिघडली होती. गोळ्या चुकल्या की पाय सुजत, जिना चढवत नसे.

दुसरी नोकरी लागली. नव्या मालकाने मुंबईच्या विमा कंपनीचा कागद दिला. एका डॉक्टरांनी तो उलटसुलट करून पाहिला. "पैसे मुंबईहून येणार? म्हणजे इन्शाल्ला," म्हणत त्यांनी तो परत केला. दुसरे डॉक्टर रत्नागिरीकडचे. त्यांना रोख चाललं असतं, पण नवे पेशंट ते घेतच नव्हते. एवढ्यात गोळ्या संपल्या.

शेजारच्या खाला, म्हणजे सगळ्यांच्या मावशी, रत्नागिरीच्याच. त्यांच्या घरी त्याच डॉक्टरांचं औषध चालू होतं. घरातला एक माणूस पेशंट झाला की सगळं घर त्यांचं पेशंट, असा डॉक्टरांचा रिवाज होता. खालांनी डोक्यावरून ओढणी घेतली आणि आम्हाला म्हणाल्या, "यल्ला, चला."

डॉक्टरांनी मान वर केली. "हे कोण, खाला?"

"माझा भाचजावई."

"मागच्या महिन्यात एक भाचजावई आणला होतास."

"भाच्या पुष्कळ आहेत मला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ही भाची कुंकू लावते?"

"लावते. तुला काय करायचंय? छाती तिच्या नवऱ्याची बघायची आहे."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी नळी कानाला लावली आणि बराच वेळ ऐकत राहिले. मी विम्याचा कागद पुढे केला. "तो राहू द्या," ते म्हणाले. "दर महिन्याला यायचं. खालाच्या घरचे म्हणून."

आम्ही जात राहिलो. ह्यांची सूज उतरली. हिवाळ्यात संध्याकाळी खाडीपर्यंत चालत जाता येऊ लागलं. तिथे बसून हे मला वाचून दाखवत, मध्येच थांबून दम घेत आणि पुन्हा तीच ओळ पहिल्यापासून वाचत. पुढच्या हिवाळ्यातही गेलो. डॉक्टरांनी झडप बरी होईल असं कधी सांगितलं नव्हतं. तिसरा हिवाळा ह्यांना मिळाला नाही.

शेवटी डॉक्टर घरी आले होते. दाराशी ते खालांना म्हणाले, "तुझ्या जावयाला फार त्रास झाला नाही." खाला मान हलवून रडल्या. घरच्या माणसासाठी रडतात तशा.

आता मी पुण्यात असते. संध्याकाळी वाचते, मनातल्या मनात.