रिटर्नवाल्या आत्या

"मी डिलिव्हरी बॉय" असं आत्यांसमोर म्हणायची सोय नव्हती. त्या चष्मा कपाळावर सरकवून विचारायच्या, "बॉय? मंग ह्या मिशा कोनाच्या?" बोनकोडे गावात तळमजल्यावरच्या खोलीत बसून त्या आमच्यासारख्या, स्कूटरवरून घरोघर जेवण पोचवणाऱ्यांची इन्कम टॅक्सची रिटर्न भरून द्यायच्या. एका कर सल्लागाराकडे वर्षानुवर्षं कारकुनी केलेली, एकटी राहणारी आगरी बाई. आम्ही सगळे त्यांना आत्या म्हणायचो आणि मनातून टरकून असायचो.

माझी त्यांच्याशी ओळख पडण्यातून झाली. कंपनीच्या हिशेबात माझ्या कमाईतून 'टीडीएस' म्हणून काहीतरी कापलेलं दिसायचं. कुणाला विचारण्याऐवजी मी स्वतःच डोकं चालवलं. टी म्हणजे टाइम, डी म्हणजे डिले, आणि एस म्हणजे शिक्षा. उशिराचा दंड! तेव्हापासून मी स्कूटर अशी हाणायला लागलो की विचारू नका. एका दुपारी आत्यांच्या दारातल्या स्पीडब्रेकरवर मी एकीकडे आणि कुणाची तरी बिर्याणी दुसरीकडे.

आत्यांनी गुडघ्याला हळद लावली आणि एवढी घाई कसली ते विचारलं. मी टाइमपासून शिक्षेपर्यंत सगळं समजावून सांगितलं. त्या हसत हसत पायरीवरच बसल्या. शेजारणीला हाक मारली, "अगो, बाहेर ये, हा काय सांगतोय ते आईक!" मला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं.

मग डोळे पुसून म्हणाल्या, "अरे, तो तुज्या नावानं आगाऊ भरलेला कर हाय. तू कोनाचा नोकर नाय, तुजा धंदा हाय. कर लागावा एवढी तुजी कमाईच नाय. रिटर्न भर, पैसे परत येतील."

पैसे खरंच परत आले आणि मी जरा जास्तच हुशार झालो. पुढच्या वर्षी खर्च दाखवायला बिलांची पिशवीच घेऊन गेलो. पेट्रोल, टायर, आणि मध्येच सलूनमधलं फेशियल. "गिऱ्हाईक तोंड बघूनच रेटिंग देतात ना, आत्या!" त्यांनी ते बिल दोन बोटांत धरून मला परत दिलं. "तोंड तुजं हाय, धंद्याचं नाय." वर रोख मिळालेल्या टिपाही सांगायला लावल्या. "खोटं लिवायचं आसल तर दुसरीकडं जा." मी कुठे जाणार? दुसरं कुणी मला धंदेवाला म्हणत नव्हतं.

पुढे घरात बाळ यायचं होतं, म्हणून मी छोटा टेम्पो घ्यायचं ठरवलं. पहिल्या बँकेत पगाराची स्लिप मागितली, तेव्हा मीच "सॉरी" म्हणून बाहेर पडलो. दुसऱ्या बँकेत आत्या सोबत आल्या. मी भर मे महिन्यात मित्राचा ब्लेझर चढवला होता. साहेबांनी विचारलं, "काय करता आपण?" मी आत्यांकडे पाहिलं. त्या नुसत्या भिंतीवरच्या पंख्याकडे बघत राहिल्या. शेवटी मी "माझा स्वतःचा व्यवसाय आहे!" असं इतक्या जोरात म्हणालो की दारातला वॉचमन आत डोकावला. साहेबांनी तीन वर्षांची रिटर्न चाळली आणि कर्ज झालं. बाहेर आल्यावर आत्या एवढंच म्हणाल्या, "आता तो कोट काढ, मरशील."

मागच्या वर्षी आत्यांना नीट दिसेनासं झालं. काम बंद करून त्या उरणला लेकीकडे निघाल्या. सामान मीच माझ्या टेम्पोतून नेलं. मी भाडं घेईना म्हटल्यावर त्या रागावल्या, "आनि गाडीचा हप्ता मी भरू काय?" मी घेतलं, पाया पडलो आणि खाडीच्या पुलापर्यंत रडत आलो. तिथे कळलं, त्यांचं कामाचं टेबल टेम्पोतच राहिलंय! तसाच माघारी गेलो. आत्या दारातच उभ्या होत्या.

"मीच जावयाला सांगितला, ते उतरवू नको. माज्यापाशी आता कोन येनार हाय? तू ने."

आमच्या एका खोलीत ते टेबल मावत नाही. बायको त्याच्या बाजूने अंग चोरून जाते, मुलगी त्याच्याखाली झोपते. यंदाचं रिटर्न मी त्यावर स्वतःच भरलं. बरोबर भरलं की नाही, देव जाणे. पण भरताना ताठ बसलो होतो.