थापडीनंतरचं हसू

"ताई, थापड झकास आली. आता हासू द्या," काचेपलीकडून अनिलभाऊंचा आवाज कानात उतरला.

अमरावतीत एका तळघरात आमचा डबिंग स्टुडिओ आहे. अनिलभाऊ रेकॉर्डिस्ट, मी हिरॉइनचा आवाज. तामिळ सिनेमे आम्ही वऱ्हाडीत करतो. बूथमध्ये अंधार, भिंतींना फोम. हेडफोन लावला की बाहेरचे ऑटो, ऊन, दुपार सगळं विरघळून जातं. समोर एक परका चेहरा तरंगत राहतो आणि हळूहळू आपण त्याच्याच श्वासाने श्वास घ्यायला लागतो.

सिनेमा तुकड्या-तुकड्यांनी डब होतो. एका तुकड्याला लूप म्हणतात. हुंदका, दचकणं, कण्हणं, असे बिनशब्दांचे आवाज म्हणजे एफर्ट. या लूपमध्ये हिरो बसस्टॉपवर हिरॉइनच्या कानाखाली वाजवतो, बाईने कसं राहावं ते सुनावतो आणि निघून जातो. ती गाल धरून त्याच्या पाठीकडे बघते. मग ओठ न उघडता हसते. लगेच गाणं. आमच्याकडे येणाऱ्या सिनेमांत हे इतक्यांदा असायचं, की थापड झाली म्हणजे गाणं आलंच, असं आम्ही धरून चालायचो.

"मूळ हसू ऐकवा एकदा," मी म्हटलं. "म्युझिक काढून."

या सिनेमाच्या फायलींत चुकून शूटिंगच्या जागेवरचा कच्चा आवाज आला होता. अनिलभाऊंनी तो लावला. आधी वारा. लांब कुठेतरी कावळा. मग थापड. सिनेमातली दणदणीत नव्हे. बारीक, बोथट, खरी. एक अडकलेला श्वास. आणि अगदी हळू, जणू माझ्याच कानाशी, "वलिक्कुदु."

लगेच एक पुरुषी आवाज, "वन मोअर!" पुन्हा थापड.

सेल्वी चेन्नईहून आम्हाला हिंदीत भाषांतर पाठवायची. मी तिला फोन लावला, तो शब्द स्पीकरवर ऐकवला.

तिने तो पुन्हा एकदा लावायला सांगितला. मग म्हणाली, "दीदी, वो बोल रही है, दर्द हो रहा है."

पडद्यावर ती गाल धरून थांबलेली होती. मला वाटलं, ती माझ्याकडेच बघतेय.

"अनिलभाऊ, मले हासू नाही येऊन राह्यलं."

"अवो ताई, सिनेमा हाय तो. आपन काहून..." ते मध्येच थांबले. मग म्हणाले, "बरं, तुमाले येते ते द्या."

मी धरून ठेवलेला श्वास हळूच सोडला. पडद्यावर तिचं तोंड मिटलेलं होतं, त्यामुळे तो तिच्या ओठांशी जुळला.

दुसऱ्या दिवशी मुंबईहून निखिलचा फोन आला. काम तोच पाठवायचा.

"मॅडम, सीन एकदम जड झालाय. गोड हसू हवं. तिचं प्रेम तिथेच सुरू होतं."

"तिला दुखलं होतं, निखिल."

"कोणाला? कॅरेक्टरला?"

"नाही. तिला."

"अहो, प्रेक्षकांना चालतं हे. आजवर कोणी तक्रार केलीय का?"

"मी करतेय."

हसू त्यांनी दुसऱ्या कोणाकडून तरी घेतलं. बाकी सिनेमाभर मीच होते.

तो टीव्हीवर लागला तेव्हा मी मोर्शीला भावाकडे होते. अंगणात संत्र्यांचा वास, खोलीत संध्याकाळचा पिवळा उजेड. थापड वाजली तसा भाऊ खुशीत म्हणाला, "आता पटते पोरगी, पाह्य." पटली. गाणं सुरू झालं. वहिनी संत्रं सोलता सोलता थांबली.

"ताई, बाकी समदा आवाज तुमचाच हाये. हे हासनं तुमचं नोहे."

"नाही," मी म्हटलं. भावाने आवाज कमी केला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

आता काम घ्यायच्या आधी मी एकच विचारते: हिरॉइन मार खाऊन हसते का? काही जण फोन ठेवतात. बाकीचे म्हणतात, "आठवत नाही हो, बघून सांगतो." सिनेमा त्यांनी दोनदा पाहिलेला असतो.