गडग्याच्या वळणावरची गाडी

आज सकाळी बायकोनं शिलाई मशीनला तेल घातलं आणि माझ्या हातातलं लाल पेन तसंच थांबलं. मी पडवीत बसून सहामाहीचे पेपर तपासत होतो. आतून वाऱ्याबरोबर तो वास आला, पातळ, किंचित गोडसर, लोखंडाच्या अंगाची ऊब लागलेला. घरातल्या बाकीच्यांच्या लेखी तो ब्लाउजांचा आणि पडद्यांचा वास. माझ्या लेखी मात्र तो आगगाडीचा वास आहे. आमच्या परसात, पोफळींच्या सावलीतून, तीन बोटं रुंदीच्या रुळांवरून घरघरत जाणाऱ्या एका गाडीचा. तिच्या आसांना मी हेच तेल घालत असे, आईच्या मशीनच्या खणातून उचलून आणलेलं. पेपर काही पळून जात नाहीत. थोडा वेळ त्या गाडीकडे जाऊन येतो.

ते दिवस आमच्याकडे रेल्वे नवी असतानाचे. इतकी वर्षं नुसती येणार येणार म्हणून ऐकलेली गाडी एकदाची रत्नागिरीला आली, आणि लोकांना तिचं काय करू नि काय नको असं झालं. देवरूखकडची माणसं एसटीनं यायची, फलाटावर डबे सोडून जेवायची, गाडी बघायची आणि परत एसटीनंच घरी जायची. मी तेव्हा शाळेत विज्ञान शिकवायला नुकता लागलो होतो. घराण्यातला पहिला पदवीधर. हे मी तेव्हा मिरवत होतो आणि आजही मिरवतो. ज्यांच्या घरात चार पिढ्या पदव्या आहेत त्यांनी हसावं, माझी हरकत नाही. मोठ्या गाडीचं मलाही कौतुक होतं, पण जीव जडला होता तो लहान गाडीवर. कॉलेजच्या सहलीत माथेरानची गाडी पाहिली होती. मोठ्या गाडीसमोर डोंगर आला की ती बोगदा मागते. ही नॅरोगेजची बुटकी गाडी एखादा इवलासा बोगदा सोडला तर तसं काही मागत नव्हती. डोंगराच्या कडेकडेनं, त्याच्या कलानं घेत, वळत वळत ती वर चढत होती. आमचं परसही अरुंद, उताराचं, जिथे पहार मारावी तिथे जांभा लागणारं. अशा जागेत कुठली गाडी चाललीच तर ही चालेल, असं तेव्हाच मनात येऊन गेलं होतं.

पण सांगायलाच बसलोय तर हेही सांगतो, की गाडीमागे आणखी एक ओढ होती. परसाच्या वरच्या अंगाला गडगा होता, म्हणजे मातीचुन्याशिवाय नुसता दगडावर दगड रचलेला, कमरेएवढा बांध. गडग्यापलीकडे माझे काका राहत. वडिलांचे सख्खे धाकटे भाऊ. मी कॉलेजात जायचं ठरलं तेव्हा वडील शेतावरून हलले नाहीत, त्यांना त्या मोठ्या इमारतीचीच धास्ती होती. मला एसटीत बसवून घेऊन गेले ते काका. मी आत खिडकीपाशी रांगेत, आणि ते बाहेर पायरीवर, माझी छत्री मांडीवर घेऊन. दुपारी मी बाहेर आलो तर म्हणाले, "घेतलं काय तुला? मग आता मन लावून कर. हितल्या पायऱ्या लय चांगल्या आहेत, बसायला गार." पुढे वाटणी झाली, शब्दाला शब्द लागला आणि दोघा भावांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. माझा निकाल लागला, पहिला वर्ग मिळाला, आईनं वाडीभर पेढे वाटले. गडग्यापलीकडे पेढा गेला नाही. वडिलांना दुखवून तिकडे जाणं मला जमत नव्हतं आणि न जाणं सोसत नव्हतं. मला काकांकडे परत जायचं होतं, एवढंच. पण कुणाचीच मान खाली जाणार नाही असं काही निमित्त त्याला हवं होतं.

दोघांनी बोलणं टाकलं होतं म्हणजे घरं मुकी झाली होती असं समजू नका. ते एकमेकांशी बोलत नसत, एकमेकांना ऐकवत असत. वडील गाईला सांगत, काका आपल्या माडाला. "कपिले, गडगा चालायला लागला हो. पाय फुटले त्याला," वडील वैरण टाकता टाकता म्हणत, आवाज मात्र पलीकडे पोचेल असा. की पलीकडून काका माडाच्या बुंध्याला ऐकवत, "माणसानं चष्मा बदलावा रे माडा. मग गडगा जाग्यावर दिसतो." वाटणीत विहिरीजवळची पानवेल काकांकडे गेली होती आणि पोफळी आमच्याकडे आल्या होत्या. दोघांनाही विड्याशिवाय चालत नसे. त्यामुळे वडील बाजारातून पानं विकत आणत आणि काका सुपारी. आमच्या ओटीवरून ती वेल दिसे, हिरवीगार, पानांनी लवलेली. त्यांच्या अंगणातून आमच्या पोफळींचे पिकले घोस दिसत. "दोघांचा मिळून एक विडा होतोय," आई म्हणायची, "पण बाजाराच्या फेऱ्या दोन."

गाडी मी सुट्ट्यांमध्ये बांधत गेलो. रुळांसाठी लोखंडी पट्ट्या कडेवर उभ्या बसवल्या. खालच्या लाकडी पट्ट्या पहिल्यांदा आंब्याच्या फळकुटांच्या केल्या, कारण आंब्याची फळकुटं आमच्याकडे फुकट पडलेली असतात. वाळवीनं त्या मनापासून खाल्ल्या. रूळ जाग्यावर आणि खाली नुसती माती, असा देखावा एका सकाळी पाहिला आणि निमूटपणे फणसाच्या लाकडाकडे वळलो. इंजिनात जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर होती, एका मोडक्या खेळण्यातली दातेरी चक्रं होती आणि टॉर्चचे सेल होते. चाकं गावातल्या लेथवर कातून घेतली. इंजिनाचं अंग बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याचं, मागचा उघडा डबा पावडरच्या डब्याचा. आईला माझ्या लग्नाची काळजी. "उद्या कोणी बघायला आलं तर काय सांगू?" ती विचारायची. "मुलगा बी.एस्सी. आहे आणि डबे-पत्रे गोळा करतो म्हणून?" वडिलांनी फक्त पोफळींच्या मुळांना पहार लागू नये एवढं पाहिलं.

गाडी ओटीच्या पायरीपासून निघून पोफळींमधून वर जायची, गडग्यापाशी वळायची आणि गोठ्याकडून खाली पुन्हा पायरीशी यायची, असा बेत होता. वर जाईपर्यंत सगळं ठीक. गडग्याचं वळण आलं की पडायची. तिथे एका बाजूला गोठ्याचं जोतं आणि दुसऱ्या बाजूला गडगा, मधल्या चिंचोळ्या जागेत वळण फारच आखूड झालं होतं. नॅरोगेज झाली तरी तिलाही वळायला थोडी जागा लागतेच. मी चाकं घासली, पट्ट्या वाकवल्या, बाहेरचा रूळ उचलून पाहिला. गाडी यायची, वळणावर क्षणभर विचार केल्यासारखी थांबायची आणि कुशीवर आडवी व्हायची. हातभर जागा मिळाली असती तर काम झालं असतं. गोठा हलवता येत नव्हता आणि गडग्याचं नाव काढण्याची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती. गडग्यावरून काका पाहत असत. मी मान वर केली की ते माडाकडे वळत. "डबा पडला रे पुन्हा," ते माडाला सांगत. त्या आवाजात टोमणा होता, पण मन लागल्याचीही खूण होती.

पावसाळा गेला. पावसात गडगा दरवर्षी ठिकठिकाणी ढासळतो, आणि पाऊस उघडला की तो पुन्हा रचायचा, एक वर्ष आम्ही, एक वर्ष त्यांनी, ही रीत होती. बोलणं बंद झालं तरी ही पाळी कधी चुकली नाही. ज्याची पाळी तो रचताना दगड अंमळ दुसऱ्याच्या अंगाला सरकवणार, हेही ठरलेलंच, फक्त ते कुणी कबूल करत नसे. त्या वर्षी पाळी काकांची होती. मी शाळेतून आलो तेव्हा गडगा रचून झाला होता, आणि नेमक्या वळणापाशी त्याला पोट आलं होतं. पण ते आमच्या बाजूला आलेलं नव्हतं. सरळ येणारा गडगा तिथे काकांच्या अंगणात शिरला होता, बाकदार फिरून पुन्हा आपल्या रेषेत आला होता. मध्ये जागा सुटली होती, चांगली हातभर.

आमची जमीन उताराची आणि काका वरच्या अंगाला. सुटलेला दगड घरंगळतो तो आमच्याकडे. म्हणजे तिथला एकेक दगड कुणीतरी उचलून चढावर नेला होता. वडील माझ्या आधीच तिथे येऊन उभे होते, हात पाठीमागे बांधून. बराच वेळ त्यांनी त्या पोटाकडे पाहिलं. मग गोठ्याकडे गेले. मी कान देऊन होतो. "कपिले," ते म्हणाले, आणि नुसती वैरण टाकली.

पुढच्या रविवारी मी वळणावरचे रूळ उखडून नव्या जागेत ऐसपैस टाकले. आसांना तेल घातलं आणि गाडी सोडली. ती पोफळींमधून वर गेली, गडग्याच्या पोटात शिरली, आणि अंग न टाकता, सावकाश, जशी काही रोजचीच वाट असावी तशी वळून खाली आली. काका गडग्यावर कोपरं टेकून उभे. वडील ओटीच्या पायरीवर अडकित्ता घेऊन सुपारी कातरत होते, म्हणजे कातरतोय असं दाखवत होते. गाडी दुसऱ्यांदा फिरून आली तेव्हा मागच्या उघड्या डब्यात एक विड्याचं पान होतं. हिरवं, ताजं, देठासकट. वडिलांनी ते पाहिलं. गाडी पुढे गेली. पुन्हा आली, पान तसंच. त्यांनी ते पान तसंच फिरत ठेवलं असतं तर पलीकडे जायचं नाव पुन्हा काढायला मला जागा राहिली नसती. त्यापुढच्या फेरीला त्यांनी वाकून इंजिनावर हात ठेवला. चाकं जागच्या जागी गरगरली. पान उचललं, धोतराला पुसलं, चुना लावला, सुपारी ठेवली, आणि तोंडात घातलं. मग कातरलेल्या सुपारीची चिमूट डब्यात टाकून मला म्हणाले, गाईला नाही, मला, "फुकट कुणाचं घेऊ नये. सोड गाडी."

असा तो मालाचा व्यवहार सुरू झाला. वरून पान यायचं, खालून सुपारी जायची. एका संध्याकाळी काकांनी माडाला मधे न घेता थेट मलाच हाक मारली. "काय रे मास्तर, त्या इंजिनाच्या पोटात काय घातलंयस ते दाखव की एकदा. हिकडं घेऊन ये." मी इंजिन हातात घेऊन वडिलांकडे पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही. "जातोयस तर सुपारी घेऊन जा," ते म्हणाले. "त्या डब्यात मावून मावून किती मावणार." मी बेड्याकडून, म्हणजे वाटेवरच्या फाटकाकडून, वळसा घालून त्या अंगणात पाऊल टाकलं. काकूनं पायावर पाणी दिलं, बसायला पाट मांडला आणि म्हणाली, "निकालाचं तोंड गोड करायचं राहिलंय तुझं." काकांनी इंजिन उघडून पाहिलं, मोटर हातात धरून पाहिली. "एवढीशीच?" ते म्हणाले. मग जरा वेळानं, "मला वाटलं तू विसरलास हिकडची वाट." मी नाही म्हणालो.

भावाभावांतला पहिला सरळ शब्द त्यानंतर काही दिवसांनी निघाला. वडिलांनी डब्यातलं पान उचललं, उलटसुलट केलं, आणि ओटीवरून आवाज दिला, "वेल घरची, आणि मला सुकलेलं पान पाठवतोस?" गाय तेव्हा रानात चरायला गेली होती. पलीकडून काकांचा आवाज आला, "आणि काल कुजकी सुपारी आली ती कुठल्या झाडाची होती?" आई भाकरी तव्यावर टाकून बाहेर आली, दोघांकडे पाहून पुन्हा आत गेली. त्यांचं भांडण नव्यानं सुरू झालं होतं, आणि घरात कित्येक वर्षांनी बरं वाटत होतं.

पुढच्या पावसाळ्यांनी गाडीवर आपलं काम केलं. पट्ट्या गंजल्या, जांभ्याच्या मातीत लाल होऊन मिसळून गेल्या. माझं लग्न झालं, शाळा वाढली, मोटर कुठल्याशा प्रयोगाला गेली. काका थकल्यावर एकदा मी त्यांना विचारलं, गडगा मागे का घेतलात. ते म्हणाले, "मी कशाला घेतोय? पावसानं सरकला असेल." मी शाळेत विज्ञान शिकवतो. पाऊस दगड चढावर नेत नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी मी बरं म्हणालो, आणि विषय तिथेच ठेवला.

आता वडील नाहीत, काकाही नाहीत. गडगा रचायची पाळी माझी आणि चुलतभावाची आहे. तो मुंबईत असतो, त्यामुळे पुष्कळदा त्याची पाळीही मीच उरकतो. गडग्याचं ते पोट मी दरवर्षी जसंच्या तसं रचतो. खाली रूळ नाहीत, गाडी नाही, आणि त्या हातभर जागेत वर्षभर नुसता पाचोळा साठतो. कोणी म्हणेल, सरळ रेषेत घ्या, दगडही कमी लागतील. खरं आहे, कमी लागतील. मी आपला दगड उचलतो आणि चढावर नेतो.